राखून ठेवलेला डाव

वस्ताद आपल्या पठ्ठ्याला सारे डाव शिकवतो, एक मात्र स्वतःपाशी राखून ठेवतो, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. म्हणणारा ते कौतुकाने म्हणतो आणि ऐकणारा मान डोलावतो. तालमीची पायरी कधी न चढलेली माणसेही हे वाक्य वापरतात. दुकानदार नोकराविषयी वापरतो, पुढारी कार्यकर्त्याविषयी वापरतो; आणि बाटली मसाल्यात कोणता जिन्नस किती घालायचा याचा शेवटचा हिशेब सुनेला न सांगणाऱ्या सासूबाई वाक्य उच्चारीत नसल्या तरी वागतात त्याच न्यायाने. व्यवहारी शहाणपणाचे हे जणू प्रमाणपत्रच होऊन बसले आहे. तथापि या वाक्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो वाटतो तितका सोपा नाही. जो देण्यासाठीच आसनावर बसला आहे, त्याने शेवटचे काही हातचे राखावे काय?

कल्पना जुनी आहे. फारसी कवी शेख सादी याने १२५८ साली पूर्ण केलेल्या 'गुलिस्तान' या ग्रंथात ती कथेच्या रूपाने येते. एका मल्लाला तीनशे साठ डाव येत असत. एका देखण्या शिष्यावर त्याचा जीव जडला होता. त्याला त्याने तीनशे एकोणसाठ डाव शिकविले. उरलेला एक शिकविण्याची मात्र तो चालढकल करीत राहिला. पुढे शिष्य बलाढ्य झाला आणि राजासमोर बढाई मारू लागला की, गुरूचा मान मी राखतो तो केवळ त्याच्या वयाचा आणि उपकाराचा. बळाने मी कमी नाही आणि कौशल्यात त्याच्या बरोबरीचा आहे. राजाला हे रुचले नाही. त्याने कुस्ती लावली. म्हाताऱ्याने तो न शिकविलेला डाव काढला, शिष्याला डोक्यावर उचलले आणि भुईवर आपटले. राजाने गुरूला वस्त्रे दिली, शिष्याची निर्भर्त्सना केली. शिष्य कुरकुरला की एक डाव माझ्यापासून लपविला होता, तेव्हा गुरू उत्तरला, तो याच दिवसासाठी ठेवला होता.

कथा चटकदार आहे. राजाचा न्याय मात्र आम्हांस कधी पटलेला नाही. शिष्याची घमेंड निंद्य होती यात शंका नाही. परंतु डाव राखला गेला तो घमेंड दिसण्याच्या कितीतरी आधी. ज्या मुलावर गुरूचा जीव होता, त्याच्याकडेच तो पहिल्यापासून उद्याचा शत्रू म्हणून पाहत होता असा याचा अर्थ होतो. मग शिष्य अखेर शत्रूसारखा वागला तर नवल ते काय?

हा प्रश्न कुस्तीच्या संदर्भातच अधिक बोचतो, त्यालाही कारण आहे. बुद्धीने शिकविणाऱ्याचे भांडवल वयाबरोबर वाढत जाते. गणिताचा शिक्षक साठाव्या वर्षी तिशीपेक्षा अधिक जाणतो, निदान जाणावे अशी अपेक्षा असते. देहाने शिकविणाऱ्याचे तसे नसते. मल्लाची उमेद पस्तिशीच्या आसपास उतरणीला लागते. गुडघा दुखू लागतो, खांदा सरकतो, श्वास अपुरा पडतो. नेमक्या अशा वेळी त्याने वस्ताद व्हावयाचे असते. म्हणजे जे आपल्याला सोडून चालले आहे तेच तो दुसऱ्याला देत असतो, आणि ज्याला देतो तो रोज पहाटे त्याच लाल मातीत त्याच्या डोळ्यांदेखत वाढत असतो.

ज्यांनी तालीम पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पहाटे चारच्या सुमारास मुले उठतात. जोर, बैठका, सपाट्या झाल्यावर हौदातली माती खणली जाते. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखलेली असते. मग लढती. वस्ताद कडेला उभा असतो. एखाद्याची पकड चुकली की आत उतरतो आणि स्वतःच्या देहाने दाखवतो. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा ही नावे पुस्तकात वाचून काही कळत नाहीत. पाठीवर पाठ लागावी लागते, मानेवर हात पडावा लागतो. कधीतरी एक दिवस असा उजाडतो की सरावातल्या लढतीत पठ्ठ्याच वस्तादाला खाली घेतो. बाकीची मुले क्षणभर गप्प होतात. आमच्या मते वस्तादाची परीक्षा त्या क्षणी असते. तो हसतो की दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाला टाकून बोलू लागतो, यावर त्या तालमीचे पुढचे वीस वर्षांचे भवितव्य ठरते.

महाराष्ट्रात या परीक्षेला बसलेल्यांत हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९३५ साली सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील पुनवत गावी त्यांचा जन्म झाला. कोल्हापूर ही त्यांची कर्मभूमी. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले, तेव्हापासून त्या नगरीत मल्ल होणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. १९६० साली आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइल प्रकारात रौप्यपदक मिळविले. मातीत वाढलेल्या माणसाने गादीवरच्या, तेही कमरेखाली पकड करू न देणाऱ्या परक्या प्रकारात सुवर्ण आणावे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. १९६४ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून लढले.

येथवर जे सांगितले ते गौरवग्रंथात शोभेल. आमचे लक्ष वेधले ते नंतरच्या दीर्घ काळाने. त्यांची लढती करणारी वर्षे मोजकी; कोल्हापुरातील मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून घालविलेली वर्षे त्याहून कितीतरी अधिक. लोक त्यांना आबा म्हणत. मैदानातल्या माणसाला लोक नावाने हाका मारतात, वस्तादाला नात्याने. हा फरक आम्हांस फार बोलका वाटतो. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राधानगरी तालुक्यातील अर्जुनवाडचे दादू चौगुले होते. चौगुले १९७०मध्ये पुण्यास महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७१मध्ये पुन्हा एकवार झाले ते आपल्या अलिबागेस. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. भात, मासळी आणि मीठ यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याने कोल्हापूरच्या मातीतली ती गदा उंचावलेली पाहिली, हे कर्जत-खालापूरच्या नव्या पिढीला बहुधा ठाऊक नसेल, म्हणून मुद्दाम नमूद करीत आहोत. १९७४मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धांत चौगुले यांनी रौप्यपदक मिळविले. ज्याचा वस्ताद डाव राखून ठेवतो, त्याची मजल इतकी दूर जाते काय, हा आमचा साधा प्रश्न आहे.

आंदळकर ज्या वर्षी टोकियोस गेले, त्याच वर्षी त्याच शहरात आणखी एक परका मल्ल येऊन दाखल झाला होता. हवाई बेटांतील माउई येथला एकोणीस वर्षांचा जेसी कुहाउलुआ हा तरुण सुमो कुस्ती शिकण्यासाठी जपानमध्ये आला आणि ताकामियामा या नावाने लढू लागला. सुमो म्हणजे लठ्ठ माणसांची ढकलाढकली अशी आपल्याकडे समजूत आहे. ती तशी नाही. साडेचार मीटरच्या आसपास व्यासाचे मातीचे रिंगण असते. त्यातून जो बाहेर पडेल किंवा तळपायांखेरीज ज्याचा कोणताही अवयव भुईस लागेल तो हरला. वजनाचे गट नाहीत. मल्ल आपल्या गुरूच्या घरातच राहतात. त्या घराला तेथे 'हेया' म्हणतात. धाकटे पहाटे आधी उठतात, झाडलोट करतात, मोठ्यांसाठी रांधतात. आपल्या तालमीत राहिलेल्या मुलाला तेथे भाषेखेरीज फारसे काही अनोळखी वाटू नये.

निवृत्तीचा विधी मात्र आमच्या मनात घर करून राहिला आहे. मल्लाच्या डोक्यावर केसांची शेंडीवजा गाठ असते. ती असेतो तो मल्ल. निवृत्त होताना तो रिंगणात बसतो, आणि आप्त, मित्र, प्रतिस्पर्धी एकामागून एक येऊन सोनेरी मुलाम्याच्या कात्रीने थोडे थोडे केस कापतात. शेवटची कात्री गुरूची. एवढी धिप्पाड माणसे त्या वेळी मुलांसारखी रडतात. त्यानंतर ज्याला गुरू म्हणून संघात राहायचे आहे त्याला ठरावीक नावांपैकी एक नाव मिळवावे लागते. अशी नावे एकूण १०५च आहेत. जपानचे नागरिकत्व असल्याखेरीज ते मिळत नाही, आणि वयाची पासष्ट वर्षे झाली की आसन सोडावे लागते. गुरुपद हे येथे कोणाची खासगी मिरास राहत नाही. ते एक उसने घेतलेले नाव असते.

ताकामियामाने १९७२च्या जुलैत एक स्पर्धा जिंकली. परदेशात जन्मलेल्या मल्लाने सुमोचे विजेतेपद मिळविण्याचा तो पहिला प्रसंग. पण सर्वोच्च योकोझुना हे पद त्याला कधीच मिळाले नाही. तो वरून तिसऱ्या पायरीपर्यंतच पोहोचला. १९८०मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतले, १९८४मध्ये, चाळिशी गाठता गाठता, निवृत्त झाला आणि १९८६मध्ये स्वतःची हेया उघडली. १९८८मध्ये हवाईचाच एक उंच मुलगा त्याच्याकडे आला. सहा फुटांवर आठ इंच उंची, पाय लांब, म्हणजे सुमोच्या दृष्टीने अडचणीचाच देह. गुरूने त्याला आकेबोनो केले. १९९३च्या जानेवारीत आकेबोनो योकोझुना झाला. परदेशात जन्मलेला पहिला योकोझुना. गुरू जेथे पोहोचू शकला नव्हता तेथे शिष्य पोहोचला.

आता यातले अधिक कठीण काय? शिखरावर जाऊन आलेल्या आंदळकरांनी दुसऱ्याला वाट दाखविणे, की शिखर न पाहिलेल्या ताकामियामाने दुसऱ्याला त्यावर चढविणे? वरवर पाहता पहिले सोपे. ज्याच्यापाशी भरपूर आहे त्याने द्यावे. परंतु आम्ही आजवर जी माणसे पाहिली, त्यांवरून आमचे मत उलट झाले आहे. यशस्वी माणसाला स्वतःच्या जागी दुसरा उभा राहिलेला पाहणे अधिक जड जाते. अयशस्वी माणूस निदान शिष्याच्या यशात आपली अपुरी इच्छा पाहून सुखावतो. या सुखावण्यातही एक धोका आहेच. बाप मुलाच्या हातून आपली राहून गेलेली परीक्षा पुन्हा देऊ पाहतो, तेव्हा मुलाची स्वतःची परीक्षा राहून जाते. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात हे आम्ही दरवर्षी पाहतो. असो.

सुमोच्या घराची दुसरी बाजू न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००७ साली तेथल्या एका हेयामध्ये सतरा वर्षांचा एक नवशिका मुलगा सरावाच्या नावाखाली झालेल्या मारहाणीत मरण पावला. गुरूने स्वतः त्याला मारले होते आणि थोरल्या मल्लांकडून मारविले होते. न्यायालयाने त्या गुरूस तुरुंगवासाची शिक्षा दिली. २०२४मध्ये आणखी एक प्रकरण झाले. पंचेचाळीस विजेतेपदे मिळवून विक्रम करणारा हाकुहो २०२१मध्ये निवृत्त होऊन गुरू झाला होता. त्याच्या एका शिष्याने धाकट्यांना छळल्याचे उघड झाले. संघाने हाकुहोची पायरी उतरविली, त्याची हेया बंद केली, शिष्यांना दुसऱ्या घरी पाठविले. २०२५मध्ये तो संघातून बाहेर पडला. त्याने स्वतः कोणाला मारले नव्हते. पण आपल्या छपराखाली काय चालले आहे हे वेळीच पाहणे आणि सांगणे त्याचे काम होते. पंचेचाळीस वेळा जिंकलेल्या माणसालाही हे शेहेचाळिसावे काम आपोआप येत नाही.

या दोन प्रकरणांचा राखून ठेवलेल्या डावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या समजुतीप्रमाणे निकटचा संबंध आहे. डाव राखणारा गुरू आणि हात उगारणारा गुरू यांच्या मनात भीती एकच असते. हा मुलगा उद्या माझ्या बरोबरीला आला तर माझे काय? एक ज्ञान लपवून त्याला खाली ठेवतो, दुसरा दरारा बसवून. पहिल्याला आपण धूर्त म्हणून वाखाणतो आणि दुसऱ्याला क्रूर म्हणून तुरुंगात पाठवतो. दोघांच्या कृत्यांचे वजन अर्थातच सारखे नाही. मूळ मात्र एका मातीतले आहे.

याच्या उलट बाजूलाही बोलू दिले पाहिजे. राखण्याच्या बाजूने दोन सबळ मुद्दे आहेत. एक सुरक्षिततेचा. मान अडकवणारे, सांधा पिळणारे काही डाव असे असतात की जे कोवळ्या, तापट मुलाच्या हाती दिले तर जोडीदाराचा हात कायमचा निकामी होईल. सुज्ञ वस्ताद ते उशिरा शिकवतो. दुसरा मुद्दा पोटाचा, आणि तो आम्हांस एका मिस्त्रींनी शिकविला.

आमच्या भिवपुरीच्या बाजूला ते जळालेल्या मोटारींचे रिवाइंडिंग करतात. नाव सांगत नाही. मात्र हे लिहिण्यास त्यांची परवानगी घेतली आहे. एका रविवारी मिस्सा संपल्यावर ते आवारात थांबले. म्हणाले, "फादर, एक विचारू? माझ्याकडे सात वर्षे एक पोरगा आहे. वेढे घालतो, वार्निश मारतो, जोडणी करतो, सगळं येतं त्याला. पण माझी वही मी त्याला देत नाही. हे पाप आहे का?" वही म्हणजे काय ते त्यांनीच समजावले. कोणत्या कंपनीच्या किती अश्वशक्तीच्या मोटारीला किती वेढे, किती गेजची तार, हे त्यांनी तीस वर्षांत एकेक मोटार उकलून, वेढे मोजून लिहून ठेवले आहे. ती वही म्हणजे दुकान. "वही दिली तर उद्या तो समोरच गाळा घेईल. माझ्या दोन मुली शिकतायत."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. संसार नसलेल्या माणसाने संसारी माणसाला उदार होण्याचा उपदेश करणे फार सोपे असते, आणि सोप्या उपदेशाचा कंटाळा आम्हांस वयाबरोबर येऊ लागला आहे. शिकाऊ मुलाकडून सात वर्षे कमी पगारात काम करून घेतले, ते शिकविण्याच्या बोलीवर. तेव्हा वही अंशतः त्याचीही झाली, हे खरे. मिस्त्रींच्या मुलींची फी भरली जायची आहे, हेही खरे. आम्ही त्यांना उलट इतकेच विचारले, "तुम्ही वही कधी द्यायचे ठरवले आहे?" ते गप्प झाले. तारीख त्यांनी कधी योजलीच नव्हती.

आम्हांस वाटते, प्रश्नाची गाठ येथेच आहे. भिवपुरीच्या लोकांना तरी हे समजणे अवघड जाऊ नये. येथले वीजघर १९२२पासून चालू आहे. घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणात अडवलेले असते. तेथून ते नळांतून खाली येते आणि भिवपुरीची जनित्रे फिरवते. पाणी अडवले म्हणून कोणी धरणाला कृपण म्हणत नाही. अडवले नसते तर पावसाळ्यात सारे वाहून गेले असते आणि शिशिरात थेंब उरला नसता. पण ते अडवले आहे सोडण्यासाठी, हे धरण बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. नळ आधीच टाकलेले होते. वीज करून झाल्यावर तेच पाणी राजनाल्याला मिळते आणि कर्जतच्या शेतकऱ्याचे उन्हाळी भात उभे राहते. वस्तादाने एखादा डाव वर्षभर, दोन वर्षे अडवून धरला तर त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. प्रश्न इतकाच की, नळ टाकला आहे काय? सादीच्या मल्लाने तो टाकलेला नव्हता. त्याचा डाव मुलाची तयारी होईपर्यंत थांबलेला नव्हता. मूल बिघडण्याची वाट पाहत थांबलेला होता.

आणि जे देतात ते किती देतात! १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. प्राचार्य काही मल्ल नव्हते; त्यांच्यापाशी शिकवायला एकही डाव नव्हता. होते ते घर. त्या प्रवासातून खाशाबांनी आणलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. मुलाच्या शिक्षणासाठी जमीन विकणारे आईबाप आपण पाहतो, आणि ते स्वाभाविक मानतो. परक्याच्या मुलासाठी घर गहाण ठेवणाऱ्याला कोणत्या रकान्यात घालावे, हे नीतिशास्त्राच्या पुस्तकांतही आम्हांस नीटसे सापडलेले नाही.

पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार मामा वस्ताद होते. लातूर जिल्ह्यातले, १९६९चे महाराष्ट्र केसरी. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे लहानपणीच त्यांच्याकडे आला. २०११मध्ये मामा वारले. शिष्य अजून घडायचा होता. त्याला पुढे काका पवार यांनी आपल्या कात्रजच्या संकुलात घडविले. २०१८च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकल्यावर आवारेने ते पदक दिवंगत मामांना अर्पण केले. २०१९मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत कांस्यही मिळविले. काका पवारांच्या जागी दुसरा एखादा असता तर रुसला असता. घडविले आम्ही आणि नाव घेतले दुसऱ्याचे! पण दुसऱ्या वस्तादाने पहिल्याच्या नावाला जागा ठेवावी लागते, जशी सावत्र आईला भिंतीवरच्या फोटोला ठेवावी लागते. धर्मग्रामात नव्याने बदलून आलेल्या धर्मगुरूलाही हे चुकत नाही. आधीच्या फादरांचे गुणगान तीन वर्षे ऐकावे लागते. चौथ्या वर्षी आपली बदली होते.

येथे संत योहान बाप्तिस्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्याचेच शिष्य त्याला सोडून दुसऱ्याच्या मागे गेले, आणि त्यानेच बोट करून ती वाट दाखविली होती. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी तक्रार नाही. परंतु पुढे तुरुंगात असताना त्याने निरोप पाठवून विचारणा केली, हेही तेथेच नोंदलेले आहे. ज्याच्यासाठी आपण बाजूला झालो तो खरोखर तोच आहे ना, ही शंका सर्वस्व दिलेल्यालाही चाटून गेली. ती नोंद गाळली गेली नाही याचे आम्हांस फार समाधान वाटते.

गणपतराव आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात वारले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते दादू चौगुले यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. जन्मभर केलेल्या क्रीडासेवेसाठी हा पुरस्कार तेव्हा दिला जात असे. तो दाखवायला वस्ताद नऊ दिवस आधी निघून गेले होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात चौगुलेही गेले. तोवर त्यांनाही पठ्ठे होते, आणि त्या पठ्ठ्यांतले काही वस्ताद झालेले होते.

भिवपुरीच्या मिस्त्रींची वही अजून त्यांच्याच कपाटात आहे. शिकाऊ मुलाने मध्यंतरी नेरळला स्वतंत्र गाळा घेतला. समोर घेतला नाही. अनोळखी मोटार आली की तो फोन करतो आणि मिस्त्री वही उघडून वेढे आणि गेज सांगतात. मोबदला घेत नाहीत. मुलाने एक नवी वही केली आहे आणि सांगितलेले प्रत्येक माप तो तीत उतरवून ठेवतो. गेल्या महिन्यात मिस्त्रींनी आम्हांस हसत हसत सांगितले की, परवा एका जुन्या मोटारीचे माप त्यांच्याच वहीत नव्हते, तेव्हा त्यांनी नेरळला फोन लावला.